एका कांद्यापुरती सावली

मी एक म्हातारा कांदा आहे. लगेच नाक मुरडू नका. भाजीतला नव्हे, लिलीचा कांदा. वारासिवनीच्या एका वस्तीत बुद्धविहार आहे. त्या विहाराच्या मागे, नळाच्या ओट्यापाशी, फुटक्या विटांच्या ढिगात मी राहतो. हा पत्ता सांगायची मलाच लाज वाटते, पण आता दुसरा पत्ता नाही. तो का नाही, तेच आज सांगणार आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर मित्रांनो, गुलाबाकडे जा. त्याला बोलायची भारी हौस आहे. माझ्याकडे गोड काही उरलेलं नाही.

आधी माझी ओळख करून घ्या, कारण माझ्या आयुष्याची माती झाली ती ओळख नसल्यामुळेच. लोकांना वाटतं, लिली म्हणजे लिली. कुठेही खुपसा, फुलेल. वा रे वा! अहो, माणूस म्हणजे माणूस असं म्हणून तुम्ही कोणालाही कोणाच्याही घरी झोपवता का? रंगाच्या जुन्या डब्यात ती गुलाबी, छोटी पावसाळी लिली पाहिली असेल. तिला ऊन लागतं. पाऊस पडला की उन्हात हसत उभी राहते. नालीच्या कडेला सुदर्शन असतो, तो ऊन, सावली, चिखल, काहीही खपवून घेतो. थंड डोंगरातल्या रंगीत लिल्यांना हिवाळ्यात गारठून झोपावं लागतं, तेव्हा कुठे त्या फुलतात. आणि मी? माझी पानं हळदीच्या पानासारखी रुंद आणि गडद. फूल पांढरं, मान खाली घातलेलं, मधल्या पेल्याला थोडी हिरवी झाक. संध्याकाळी वास सुटतो. मला ऊब चालते पण ऊन चालत नाही, ओल चालते पण साचलेलं पाणी चालत नाही. मला दाट सावली लागते. बस, एवढंच. आयुष्यभर मी दुसरं काही मागितलं नाही.

माझा जन्म बैहरकडच्या जंगलातल्या एका जुन्या डाकबंगल्यात झाला. व्हरांड्यापुढे सालाची उंच झाडं होती. त्यांच्या बुडाशी माझी आई एका कुंडीत होती आणि तिच्या कुशीला आम्ही पिल्लं चिकटलेलो होतो. कुंडीत दाटी झाली की आम्हाला वेगळं करत आणि जास्तीचे कांदे फेकून देत. त्या बंगल्याचा चौकीदार सुखराम. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी फेकलेल्या ढिगातून त्याने मला उचललं, धोतराला पुसलं आणि आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. मी बसने वारासिवनीला आलो ते भाकरीच्या चुऱ्यात लोळत.

त्याने मला का उचललं? फुलाची आवड म्हणून नव्हे. त्याचं कारण त्याची बायको रुख्माबाई.

नवी नवरी असताना रुख्माबाई पहिल्यांदा वैशाख पौर्णिमेला विहारात गेली. त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बाया पांढरं लुगडं नेसून, आपापल्या दारची पांढरी फुलं थाळीत घालून येतात. कोणाचा मोगरा, कोणाची चांदणी. रुख्माबाईचं घर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली, पुढे रस्ता, मागे नाली. अंगण नाही तर झाड कुठलं? तिने वाटेतल्या चांदणीची चार फुलं तोडली. झाड सीताबाईचं होतं. सीताबाईने विहाराच्या दारातच तिला अडवलं.

"आमच्या झाडाचे फुलं तोडून आमच्याच विहारात वाहतं का वं? आपल्या घरचं काही आन नं!"

बाया हसल्या. रुख्माबाईने फुलं परत सीताबाईच्या थाळीत ठेवली आणि रिकाम्या थाळीने वंदनेला बसली. घरी जाऊन ती रडली, आणि पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट मला सांगताना तिचा आवाज तेवढाच कापायचा.

तर सुखरामने तिच्यापुढे डबा ठेवला.

"अवं, खोलून पाह्य."

"कांदा तं घरी हाय न बाप्पा."

"हा खायाचा नाई. फुलाचा हाय. पांढरं फूल येते."

"पण लावू कुठी? अंगण हाय का आपल्याले?"

"विहारात जांभूळ हाय न. त्याच्या बुडाशी लावू. जागा विहाराची, फूल तुह्यं."

त्या जांभळाबद्दल काय सांगू! इतकं दाट की भर उन्हाळ्यात दुपारी त्याच्याखाली अंधारल्यासारखं वाटायचं. वरून पानं गळायची, कुजायची, माती काळी आणि भुसभुशीत व्हायची. मला वाटलं, मी पुन्हा आईच्या कुशीत आलो. दोन उन्हाळे मी नुसती पानंच काढली. सुखराम म्हणायचा, थांब, त्याले जागेची सवय होऊ दे. तिसऱ्या वर्षी दांडा आला आणि वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी माझी फुलं उमलली. रुख्माबाईने ती थाळीत ठेवली, पदर सारखा केला आणि सीताबाईच्या अगदी शेजारी जाऊन बसली. सीताबाईनेच विचारलं, "कोणाच्या दारचे हायत वं?" रुख्माबाई म्हणाली, "आमच्या." मित्रांनो, तो एक शब्द ऐकायला मी बैहरहून आलो होतो.

पुढे तिला माझी खोडही कळली. मला नेहमी पाणी दिलं की मी सुस्तावतो, नुसती पानं काढतो. थोडं तहानलेलं ठेवून मग पाणी दिलं की फुलतो. म्हणून शेतातला चणा निघाला की ती माझं पाणी तोडायची. मी चिडायचो, पानं लोंबकळवायचो. ती म्हणायची, "रुसू नोको, थोडीशी कड काढ." चौदा एप्रिलची जयंती झाली की पुन्हा रोज एक लोटा. मग पौर्णिमेला फूल चुकायचं नाही. माझ्या कुशीलाही पिल्लं झाली, आणि जांभळाच्या बुडाभोवती आमचं चांगलं खटलं जमलं. वस्तीत आम्हाला रुख्माबाईची लिली म्हणत. सुखराम वारला त्या वर्षीसुद्धा आम्ही वेळेवर फुललो. रुख्माबाईने थाळी ठेवली आणि हळूच म्हणाली, "यायनं आणलेली हायत." नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. त्याच्या मागे त्याच्या हातचं असं तिच्याकडे आम्हीच होतो. त्याचा एक फोटो होता, तोही पाणी शिरून पुसट झालेला, आणि एक काळी छत्री.

आता मुलाकडे येतो, महेंद्रकडे. हा रुख्माबाईचा थोरला. त्याच्याबद्दल बोलताना माझ्या अंगाची साल अजून तडतडते. आणि खरं सांगू? तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

महेंद्रने गावाबाहेर धानाच्या दोन बांध्या केल्या आहेत, म्हणजे भातखाचरं. रोवण्यात त्याचा हात धरणारा नाही. पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटावे, धुवावे, शेंडे छाटून पेंढ्या बांधाव्या, रात्रभर पाण्यात ठेवाव्या आणि सकाळी बांधीतल्या चिखलात अंगठ्याने रोवत जावं. त्याची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ असते. लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघतात. त्याने लहानपणापासून एकच रोप ओळखलं, ते म्हणजे धान. त्याला वाटतं, जगातल्या प्रत्येक हिरव्या वस्तूला ऊन आणि गुडघाभर पाणी दिलं की ती खूश होते.

मागच्या वर्षी विहाराच्या कमिटीने नवं अंगण करायचं ठरवलं. महेंद्र कमिटीत होता. पांढऱ्या, गुळगुळीत फरश्या आल्या. पावसाच्या तोंडावर जांभळं पिकून त्या फरशीवर पडली आणि सगळं जांभळं झालं. वंदनेला बसलेल्या बायांच्या पांढऱ्या लुगड्यांना डाग पडले. आरडाओरडा झाला. जांभळं शंभर वर्षं पडत होती हो! आधी माती होती तर माती खायची, आता फरशी होती. पण फरशी नवी होती आणि झाड जुनं होतं, तेव्हा निकाल काय लागणार? झाड पाडलं.

त्या दिवसांत रुख्माबाई लांजीला गेली होती, लेकीकडे. संघमित्राचं बाळंतपण होतं. ती इथे असती तर जांभळाला मिठी मारून बसली असती, असं आपलं मी म्हणतो. कदाचित तिचंही कोणी ऐकलं नसतं.

जांभूळ पडलं आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा दुपारचं ऊन माझ्या डोक्यावर आलं. पानांवर पिवळे चट्टे पडले. तेवढ्यात महेंद्र कुदळ घेऊन आला. सोबतच्या माणसाला म्हणाला, "मायची लिली हाय न भाऊ. इथी मांगं कोणाले दिसते? सामने, गेटजवळ लावतो. माय येईन तं एकदम खुश होऊन जाईन."

त्याच्या डोळ्यांत खरंच आनंद होता. आणि मग त्याने काय केलं, ऐका. माझं अख्खं खटलं उपटलं. मुळं नळाखाली खळखळून धुतली. पानांचे शेंडे कोयत्याने सपासप छाटले. तणसाच्या, म्हणजे भाताच्या वाळक्या काडाच्या, दोरीने आमच्या पेंढ्या बांधल्या आणि रात्रभर पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवलं. सकाळी गेटजवळच्या नव्या वाफ्यात पाणी सोडलं, पायाने चिखल केला आणि माझी लेकरं, नातवंडं एकेक करून अंगठ्याने चिखलात दाबत गेला. सरळ ओळीत. बघणारे म्हणाले, "वा महेंद्र, काय रोवणा केला!"

कपाळ माझं! आम्ही काय धान होतो का?

रोवणा झाला की एखादी पेंढी धुऱ्यावर उरतेच, तिच्याकडे कोणी बघत नाही. तसा मी उरलो. जांभळाच्या बुडाच्या ढलप्यांसोबत, फुटक्या विटांसोबत मला घमेल्यात भरून मागे नळाच्या ओट्याजवळ फेकलं. तिथे विहाराच्या भिंतीची सावली पडते. हातपाय धुतलेलं पाणी विटांतून झिरपून जातं, साचत नाही. मी कचरा म्हणून फेकला गेलो म्हणून वाचलो, आणि ज्यांना मानाने पुढे नेलं ते मेले. साचलेल्या पाण्यात ते आतून मऊ झाले, मग काळे झाले, मग त्यांचा कुजका वास मागेपर्यंत येऊ लागला. माझ्याच पिल्लांचा वास होता तो. मी ओळखला.

रुख्माबाई लांजीहून आली. गेटजवळचा आवाज मला मागे ऐकू आला.

"महेंद्र, हे काय केलं रे?"

"माय, सामने लावली न. थोडी सुकली, पण पाणी देऊन राह्यलो रोज. पकडून घेईन जड, मुळं धरन."

"पाणी नोको देऊ! सडून राह्यली ते!"

"आता पाण्यानं काय होते माय? पाण्यानं तं जगते."

वाफ्यात बसून एकेक कांदा तिने उकरून पाहिला असावा, कारण बराच वेळ ती तिथे होती, आणि सीताबाईने दोनदा हाक मारूनही उठली नाही. सगळे गेले असं तिला वाटलं. मागे ढिगाऱ्यात एक शिल्लक आहे हे तिला कोण सांगणार? मी ओरडलो असतो हो. कांद्याला तोंड असतं तर मी त्या दिवशी वस्ती डोक्यावर घेतली असती.

महेंद्रलाही वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून तो बाजारात गेला. गाडीवर कुंड्या विकायला आल्या होत्या, त्यांवर मोठमोठे रंगीत फोटो. गुलाबी, नारिंगी, पिवळ्या लिल्या. त्याने विचारलं एवढंच, "लिलीच हाय न?" विकणारा म्हणाला, "एकदम असली." कुठल्या मुलखातली, ऊन सोसते का, सावली मागते का, उन्हाळ्यात काय करते, एक प्रश्न नाही. शर्ट घेताना माणूस दोनदा अंगाला लावून बघतो, पण जिवंत कांदा घेताना फोटो बघतो.

हिवाळ्याच्या अखेरीस अंगणाचं उद्घाटन होतं. आदल्या दिवशी त्या कुंड्या धुवायला नळाजवळ ठेवल्या होत्या. त्यातली एक गुलाबी कळी माझ्याकडे वाकून म्हणाली, "आजोबा, इथे बर्फ कधी पडतो?"

मी म्हणालो, "बाई, इथे बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो."

ती बिचारी हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. दुसऱ्या दिवशी त्या अशा काही फुलल्या की लोकांनी त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. पाहुण्यांनी महेंद्रची पाठ थोपटली. चैत्रात उन्हं तापली आणि त्या लिल्या दांड्यासकट वाळल्या. दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या गावी त्या राण्या असतील. इथे त्यांना कोणी आणलंच का, एवढंच मला विचारायचं आहे.

मग वैशाख पौर्णिमा आली.

त्याआधी एक योग जुळून आला होता. विहाराची मोटर बिघडली म्हणून माझा नळ बरेच दिवस बंद होता. मी तहानेने व्याकुळ झालो होतो. जयंतीसाठी मोटर दुरुस्त झाली आणि नळ पुन्हा वाहू लागला. रुख्माबाई जे दरवर्षी ठरवून करायची, ते या वेळी मोटरने केलं. विटांच्या फटीतून माझा दांडा वर आला. पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना सुरू झाली आणि माझी फुलं उमलली. वेळ चुकली नाही, मित्रांनो. मी माझी वेळ कधीच चुकवली नाही.

माझ्या डोक्यावर विहाराची मागची खिडकी आहे. तिला लागूनच आत रुख्माबाई भिंतीला टेकून बसली होती, गुडघे दुखतात म्हणून. तिची थाळी रिकामी होती. सीताबाई, आता तीही म्हातारी झालेली, आपल्या थाळीतली ओंजळभर चांदणी तिच्या थाळीत घालत म्हणाली, "घे वं, आता काय तुह्यं न माह्यं." ती मायेनेच म्हणाली. पण रुख्माबाईचा आवाज मला ओळखू येतो. ती म्हणाली, "नोको वं बाई. राहू दे." नवी नवरी असताना बसली होती तशीच ती पुन्हा रिकाम्या थाळीने बसली.

तेवढ्यात माझा वास खिडकीतून आत गेला. वंदना मध्येच सोडून ती बोलली.

"महेंद्र, लिली फुलली रे कुठी तरी. तुह्या बापाची लिली."

"माय, अगरबत्ती हाय ते. नवीन पुडा आणला आज."

"नाई रे, वास येऊन राह्यला..."

"अगरबत्तीच हाय माय. बस तू."

ती पुन्हा भिंतीला टेकली. मग म्हणाली, "असन बाप्पा."

आमच्यामध्ये एक भिंत होती, तीसुद्धा एका विटेची. मी रात्रभर वास सोडत राहिलो. इतका राग मला जांभूळ पडलं तेव्हाही आला नव्हता. ज्या बाईने मला इतकी वर्षं ओळखलं तिला तिच्याच पोराने सांगितलं की तुझं नाक खोटं आहे, आणि तिने ते मानलं.

सकाळी महेंद्र मेलेल्या डोंगरी लिल्यांच्या कुंड्या ओतायला मागे आला आणि त्याला मी दिसलो. माझी फुलं अजून ताजी होती. तो उकिडवा बसला. नाक जवळ आणलं. मग डोक्याला हात लावून तसाच बसून राहिला. मला वाटलं, चला, आता तरी याला कळलं.

कुठलं काय! "माय! माय, सापडली!" असं ओरडत त्याने मला विटांतून उपटलं आणि कुठे नेऊन लावलं असेल? गेटजवळ. त्याच वाफ्यात. भर उन्हात. आणि वरून एक बादली पाणी.

रुख्माबाई धावत आली. तिने माझ्या पानावरून हात फिरवला. फुलं हातात घेतली, हुंगली, आणि अशी हसली की माझा अर्धा राग तिथेच गेला. मग तिने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

"हिले सावली पायजे न रे."

"लावतो न माय. हिरव्या जाळीचं शेड लावून देतो, बढिया. इथी राहीन तं लोकायले दिसन तरी."

जाळी आज येईल, उद्या येईल. जाळी आली नाही. नवतपा मात्र आला, मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. बालाघाटकडचा नवतपा तुम्हाला माहीत असेलच, कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. फरशी तापायची आणि खालून, वरून, बाजूने मला भाजायची. माझी पानं कडेने कागदासारखी झाली. पहिल्याच दुपारी रुख्माबाई आली. सोबत सुखरामची काळी छत्री. माझ्याजवळ एक गोणपाट टाकून ती बसली आणि छत्री उघडून माझ्यावर धरली.

रोज दुपारी ती यायची. छत्री एकाच्या मापाची होती. ती माझ्यावर यायची, तिच्या अर्ध्या अंगावर ऊनच असायचं. महेंद्र चिडला.

"माय, काहून बसून राह्यली उन्हात? लोक काय मनतीन?"

"छत्रीले कोणी तरी धरा लागते न."

"एका कांद्यासाठी जीव देतं का आता?"

"तू मनला होता शेड लावतो."

"रोवण्याच्या आधी लावतो न माय. टेन्शन नोको घेऊ."

मित्रांनो, मला सावली हवी होती, पण अशी नको होती. तिच्या कपाळावरून घाम निथळायचा आणि माझ्या मातीत पडायचा. मी मनातल्या मनात म्हणायचो, बाई, ऊठ, घरी जा, मी मेलो तरी चालेल. पण ती सुखरामबद्दल बोलत राहायची. बैहरच्या बंगल्याबद्दल, डब्यातल्या भाकरीच्या चुऱ्याबद्दल. एका दुपारी ती बोलता बोलता थांबली. छत्री हळूहळू कलली आणि फरशीवर घरंगळत गेली. रुख्माबाई माझ्या पानांवर पडली. तिचा गाल भट्टीसारखा तापलेला होता.

सीताबाईने पाहिलं म्हणून बरं. तिने बोंब ठोकली, माणसं जमली, रुख्माबाईला ऑटोत घालून नेलं. छत्री तिथेच राहिली, उघडी, उलटी. संध्याकाळी कोणीतरी ती उचलून विहारात ठेवली.

किती दिवस गेले कोण जाणे. मला आता शुद्ध कमीच असायची. एका दुपारी महेंद्र आला. दाढी वाढलेली. गेटजवळ सीताबाईने त्याला गाठलं.

"कशी हाय रे माय?"

"शुद्धीवर आली मावशी. उन्ह लागलं होतं. वाचली." त्याने बाहीने तोंड पुसलं. "डोळे उघडले तं पयलं काय बोलली मालूम? छत्री कुठी हाय, मनली. हाताचं सलाईन काढून राह्यली होती."

सीताबाई म्हणाली, "काढ रे ते लिली तिथून. काढ."

तो वाफ्यात बसला. या वेळी कुदळ नव्हती. हाताने माती बाजूला करत, एकही मूळ न तोडता त्याने मला काढलं आणि ओंजळीत घेऊन उभा राहिला. आणि पहिल्यांदा, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, तो सावली शोधू लागला.

तो गेटपासून निघाला. फरशी. पायऱ्यांपाशी गेला. फरशी. जिथे जांभूळ होतं तिथे गेला, तिथेही फरशीच, फक्त एक गोल ठिगळ जरा वेगळ्या रंगाचं. तिथे तो बराच वेळ थांबला. भर दुपारी, अनवाणी, मला ओंजळीत धरून त्याने अख्ख्या अंगणाला फेरी मारली. एवढं मोठं, सुंदर, फोटो काढलेलं अंगण, आणि त्यात एका कांद्यापुरती सावली नव्हती. त्याचे पाय भाजत होते. मला त्याच्या चालण्यावरून कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शेवटी तो मागे आला. नळाच्या ओट्यापाशी, फुटक्या विटांच्या ढिगात, भिंतीच्या सावलीत त्याने मला ठेवलं. त्याने कचरा म्हणून जिथे फेकलं होतं तिथेच. पाण्याची बादली आणली नाही. नुसता ओला हात मातीवरून फिरवला.

रुख्माबाई घरी आल्यावर तिचा हात धरून त्याने तिला विटांवरून इथे आणलं. ती ओट्यावर बसली. माझी सगळी पानं गेली होती, फक्त एक नवी गुंडाळी वर आली होती. तिने ती पाहिली. मग मागे वळून अंगणाकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांत कधी न विचारलेलं विचारलं.

"महेंद्र, जांभूळ कुठी गेलं रे?"

दुसऱ्या दिवशी तो जांभळाचं वीतभर रोप घेऊन आला. खड्डा खणण्याआधी त्याने तिला विचारलं, "माय, कुठी लावू?" तिने माझ्या शेजारची जागा दाखवली.

मित्रांनो, कोणाला जवळ करायचं असेल तर त्याचं रंगरूप बघून घेऊ नका. तो कुठल्या मातीतला, त्याला काय सोसतं, काय सोसत नाही, ते आधी विचारा. मानाने पुढे नेऊन बसवण्यापेक्षा त्याला त्याच्या सावलीत राहू द्या. आणि सावली पाडण्याआधी एकदा खाली वाकून बघा की तिच्या भरवशावर कोण कोण जगतं. हे ऐकून तुम्ही माना डोलवाल आणि घरी जाऊन अंगणात फरशी बसवाल, हेही मला माहीत आहे. तरी सांगितलं.

पाऊस लागला आहे. माझी पानं परत आली, रुंद आणि गडद. जांभळाचं रोप अजून इतकं लहान आहे की दुपारची तिरीप आली तर माझंच पान त्याच्यावर सावली धरतं. रुख्माबाई संध्याकाळी येऊन ओट्यावर बसते आणि आम्हा दोघांकडे बघते. त्या रोपाची सावली माझ्यावर पडायला पुष्कळ वर्षं लागतील. माझ्याकडे तेवढी वर्षं आहेत. तिच्याकडे नाहीत.